तोच चौक, पुढचं वर्ष

पुण्याच्या फोटोंचा तुटवडा कधीच नव्हता. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, पर्वतीच्या पायऱ्या, विसर्जन मिरवणुकीतला लक्ष्मी रस्ता यांचे इतके फोटो निघालेत की नवा काढणाऱ्याला जरा संकोचच वाटावा. तरी हा संग्रह छापायला घेतला, कारण यातला कोणताही फोटो एकटा नाही. प्रत्येक जागेचे किमान तीन फोटो आहेत आणि त्यांच्यामध्ये काही वर्षं गेलेली आहेत. उभं राहायची जागा तीच, लेन्स शक्यतो तीच, महिनाही जमेल तेवढा तोच. बदललंय ते साल, आणि सालाबरोबर जे जे बदलतं ते.

हे फोटो पेठेतल्या माणसाचे नाहीत, धायरीतल्या माणसाचे आहेत, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. शनिवारवाड्यापासून धायरी दहा-अकरा किलोमीटर. पेठेत राहणाऱ्याला समोरचा वाडा रोज दिसतो, म्हणून त्याची चौकट खचली तरी लक्षात यायला वेळ लागतो. बाहेरगावचा पाहुणा वाडा एकदा पाहतो, खूश होतो आणि जातो. धायरीकर या दोघांच्या मधला. त्याला मंडईतली खरेदी, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, कुणाकडचं कार्य, अशा निमित्ताने अधूनमधून ‘गावात’ जावंच लागतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये एवढे दिवस जातात की गेल्या खेपेला नसलेले पत्रे, नवी पाटी, बंद झालेली दिंडी लगेच नजरेत भरते. सिंहगड रस्त्यावरून बसने दांडेकर पूल गाठायचा, पुढे चालायचं, गळ्यात कॅमेरा. या संग्रहामागची पद्धत एवढीच आहे.

पण धायरीचा संबंध अंतरापुरता नाही. पेठा रिकाम्या होणं आणि धायरी भरणं या एकाच हकीकतीच्या दोन बाजू आहेत, आणि हे पुस्तक मुळात त्याबद्दल आहे.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. नदीकाठचे वाडे मातीचे. ते पाण्यात विरघळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या आणि पेठेतलं कुटुंब पेठेबाहेर राहू शकतं, हे पुण्याला पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर कळलं. पुढच्या पिढीत पुराची गरज उरली नाही. वाड्यात चार भावांच्या वाटण्या झाल्या, दोन खोल्यांत सुनेचा संसार मावेना, आणि माणसं कोथरूडला, बिबवेवाडीला, सिंहगड रस्त्याला सरकली. वडगाव, धायरी, नऱ्हे इथे शेतं होती, जागा स्वस्त होती. ऑक्टोबर 2017 मध्ये महापालिकेने 11 गावं हद्दीत घेतली, त्यांत धायरीचा उरलेला भागही होता. त्याच्या कितीतरी आधी धारेश्वराच्या देवळाभोवतालचं हे गाव इमारतींनी भरलं होतं. आज इथल्या सोसायट्यांच्या जिन्यात उभं राहून विचारलं, तर आजोळ सदाशिवात, काकांचं घर शुक्रवारात, असं सांगणारे सहज भेटतात. वाड्याचा फोटो जिथे संपतो, तिथून फ्लॅटचा सुरू होतो.

जुनं पुणं जपून ठेवायची इच्छा कॅमेऱ्याआधीची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात होता. त्याच्या सोबतीला जेम्स वेल्स हा चित्रकार आला आणि त्यांच्या हाताखाली गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार तयार झाला. गंगारामने वेरूळची लेणी काढली, पहिलवान काढले, पेशव्यांच्या शिकारखान्यातली जनावरं काढली. त्याने 1790 मध्ये काढलेला गेंडा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुण्यात गेंडा पाहायचा तर सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळात जावं. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्या भोवती गोरे शिपाई कोरलेत. हे देऊळ 1754 ते 1770 या काळात उभं राहिलं. अंगणात उभं राहून ते शिल्प पाहिलं की त्या काळच्या पुणेकराला काय नवलाचं वाटत होतं, कुणाची भीती वाटू लागली होती, हे एका दगडात कळतं. कॅमेरा नव्हता म्हणून नोंद नव्हती, असं नाही.

तरी कॅमेरा उशिरा आल्याचा फटका पुण्याला बसलाच. शनिवारवाड्याचा पाया 1730 मध्ये घातला गेला, वास्तुशांत 1732 मध्ये झाली आणि फेब्रुवारी 1828 मध्ये लागलेल्या आगीत आतल्या इमारती अनेक दिवस जळत राहिल्या. दागेरने आपली छायाचित्रणाची रीत पॅरिसमध्ये जाहीर केली 1839 मध्ये. मधलं अंतर 11 वर्षांचं. एवढ्याशा अंतराने शनिवारवाड्याच्या आतल्या महालांचा एकही फोटो जगात नाही, असणं शक्यच नाही. आपल्याला ठाऊक असलेला शनिवारवाडा म्हणजे तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि आतली जोती. बाकी सगळं कागदपत्रांतून, चित्रांतून आणि कल्पनेतून. पुण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध वास्तूची ही गत, तर शेजारच्या बोळातल्या दुमजली वाड्याची काय कथा! पण त्या वाड्याच्या बाबतीत आपल्याला सबब नाही. तो आपल्या डोळ्यांदेखत उतरतोय आणि कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे.

हे काम करणारे जगात पूर्वी झाले आहेत. ग्लासगो शहराने दाटीवाटीच्या जुन्या वस्त्या पाडायला घेतल्या तेव्हा, 1868 ते 1871 या काळात, थॉमस अ‍ॅनन याने तिथल्या अरुंद बोळांचे फोटो काढले. काम शहर सुधारणा मंडळाचं होतं. पाडणाऱ्यांनीच नोंद करवून घेतली होती. पॅरिसमध्ये ओजेन आत्झे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1927 मध्ये मरेपर्यंत जुनी दुकानं, अंगणं, जिने, दारांच्या कड्या टिपत राहिला. तो स्वतःला कलावंत म्हणवत नव्हता. चित्रकारांना आणि ग्रंथालयांना उपयोगी पडतील अशा नोंदी विकून पोट भरत होता. त्या नोंदी आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. दोघांकडून शिकण्यासारखी गोष्ट एकच: भव्य वास्तूपेक्षा गल्ली आधी टिपावी. भव्य वास्तूला कुणीतरी वाली मिळतो.

आता प्रत्यक्ष फोटोंविषयी.

या संग्रहात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचे चार फोटो आहेत. मालकांच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही. पहिल्यात दिंडी दरवाजा उघडा आहे, ओसरीला टेकलेल्या सायकली, चौकात तुळशीवृंदावन, वरच्या कठड्यावर वाळत घातलेलं नऊवारी. दुसऱ्यात दर्शनी भिंतीला लोखंडी टेकू लागलेत, वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद आहेत आणि ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी आहे. खाली मात्र एक दुकान चालू आहे. चौथ्यात पाच मजली इमारत आहे, तळाला वाहनतळ, आणि प्रवेशाशी जुन्या वाड्याचा एक सागवानी खांब पॉलिश करून शोभेला उभा केलाय. इमारतीच्या नावात ‘वाडा’ हा शब्द शाबूत आहे.

या चारांतला तिसरा फोटो नीट पाहावा अशी विनंती. त्यात वाडा नाहीच. रिकामी जागा आहे, पत्रे आहेत, बिल्डरची पाटी आहे. पण शेजारच्या घराची जी भिंत दोघांत मिळून होती, तिच्यावर गेलेल्या वाड्याचा नकाशा उमटलाय. निळ्या चुन्याचा एक चौकोन, ते माजघर. त्यात दोन कोनाडे. एका कोनाड्याची कड तेलाने काळपट झालेली, तिथे समई किंवा दिवा असणार. वर कडीपाटाच्या तुळया शिरत होत्या त्या खाचा, एका ओळीत. कोपऱ्यात तिरकी चढत गेलेली धुराची रेघ, ती चूल. जिन्याच्या पायऱ्यांची दातेरी खूण. वाडा उभा असताना परक्याला माजघरापर्यंत कुणी जाऊ दिलं नसतं. पाडल्यावर अख्खं घर रस्त्यावरून वाचता येतं. अशी भिंत महिना-दोन महिने उघडी असते. मग नवी इमारत चढते आणि ती कायमची झाकली जाते. एकदाच येणाऱ्या फोटोग्राफरला ही भिंत सापडली तर नशिबाने. वरचेवर येणाऱ्याला सापडतेच.

वाडे का पडतात याचं उत्तर ‘लोकांना कदर नाही’ एवढं सोपं नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुनी भाडी 1940 च्या पातळीला बांधली. फाळणी आणि टंचाईच्या दिवसांत भाडेकरूला त्याने छप्पर टिकवून दिलं, हे खरं. पण पुढे वर्षानुवर्षं मालकाच्या हाती येणारी रक्कम गळक्या कौलांच्या डागडुजीलाही पुरेना. मालकांचे वारस वाढत गेले, एका सातबाऱ्यासारखीच एका वाड्याच्या उताऱ्यावर नावांची रांग लागली, आणि दुरुस्तीला सगळ्यांची सही मिळवण्यापेक्षा बिल्डरला देणं सोपं झालं. त्यातून भाडेकरूला मालकीची जागा मिळाली, मालकाला पैसा मिळाला. तक्रार करायला उरला कोण? रस्त्यावरून जाणारा, ज्याला त्या वाड्यात राहायचं नव्हतं.

म्हणून या पुस्तकात गळा काढायचं टाळलंय. वाड्यांत सार्वजनिक संडासाच्या रांगा होत्या, पावसाळ्यात घमेली मांडलेली असायची, आणि त्या सुंदर चौकांत पाणी कुणी भरायचं, कुणी नाही, याचे नियमही होते. गंज पेठेतल्या जोतीराव फुले यांच्या घराचा हौद 1868 मध्ये अस्पृश्यांना खुला झाला, ही पुण्याच्या इतिहासातली मोठी घटना ठरली. यावरून बाकीच्या हौदांचं काय ते समजावं. कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात भुयारी नळाने पेठांत पाणी आलं, त्याच्या वाटेवरचे उच्छ्वास आजही काही ठिकाणी उभे आहेत आणि या संग्रहात आहेत. ते बांधणाऱ्यांच्या अकलेला दाद द्यायचीच. फक्त त्याच पानावर फुल्यांचा हौदही ठेवलाय. पाण्याची गोष्ट सांगायची तर दोन्ही लागतात.

सार्वजनिक वास्तूंची कहाणी आणखी वेगळी. महात्मा फुले मंडई 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाने सुरू झाली. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर जावा अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. तिच्या अष्टकोनी मनोऱ्याचे फोटो एकाच कोपऱ्यातून काढलेत: आधी टांगे जाऊन रिक्षा आलेल्या, मग मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे, आणि 29 सप्टेंबर 2024 नंतर पत्रे हटून खाली जाणारे सरकते जिने. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग त्या दिवशी सुरू झाला, आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं पेठांच्या पोटात आली. मनोरा तिथेच आहे. भाजीवाल्या बायकाही आहेत. फक्त माणसं आता जमिनीखालून वर येतात.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई गेल्यावर 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. 1879 च्या आगीत बुधवारवाडा पुरता गेला, विश्रामबागेचा काही भाग जळला आणि तो पुन्हा उभारला गेला. आज सुरूच्या झाडासारख्या कोरलेल्या खांबांचा जो सज्जा आपण पाहतो, तो शहराने एकदा गमावता गमावता परत मिळवलेला आहे.

याउलट भिडे वाडा. 1848 मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे, बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर. वर्षानुवर्षं खाली दुकानं, वर मोडकळीला आलेला मजला आणि न्यायालयात खटला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर 2023 मधल्या एका रात्री स्मारकासाठी तो पाडण्यात आला. स्मारक व्हायलाच हवं होतं. पण जुनी वास्तू राखून ते करता आलं असतं का, हा प्रश्न आता चर्चेपुरता उरलाय. ‘पाडण्याआधी’ असं ज्याखाली लिहिता येईल, तो प्रत्येक फोटो यापुढे पुराव्याचं काम करणार.

पुरावा म्हटला की शिस्त आली. फोटो काढणाऱ्या तरुण मित्रांसाठी ती थोडक्यात सांगतो. उभं राहायची जागा अशी निवडावी की ती स्वतः टिकेल: देवळाची पायरी, चौकातला कट्टा, पुलाचा कठडा. पानटपरीच्या आडोशाचा भरवसा नाही. उन्हाचा विचार करावा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे, म्हणजे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असताना त्याच्या तोंडावर ऊन पडत नाही. पर्यटकांचे डिसेंबरमधले फोटो सपाट येतात ते त्यामुळे. मे महिन्यात सकाळी सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो, ऊन बुरुजावर तिरपं घासून जातं आणि दगडाची घडण, विटांचे थर, एकेक भेग उठून दिसते. म्हणून इथले दिल्ली दरवाजाचे सगळे फोटो मे महिन्यातले, सकाळचे आहेत. फ्लेक्स, केबलच्या वायरी, दुचाकी चौकटीबाहेर ठेवण्याचा खटाटोप करू नये. वीस वर्षांनी वाचकाला त्याच गोष्टी आधी दिसतील आणि सालही त्यांवरूनच कळेल. आणि माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या दारात कॅमेरा रोखू नये. विचारलं की बहुतेक जण चहा देतात आणि वर आजोबांच्या काळातलं काहीतरी सांगतात. ते फोटोइतकंच मोलाचं असतं.

जुने फोटो रोलवर काढलेले आहेत, नंतरचे डिजिटल. दोन्हींच्या रंगांत फरक पडतो, तो पुसून एकसारखा करायचा मोह टाळलाय. प्रत्येक फोटोखाली साल, महिना, वेळ आणि उभं राहण्याची जागा दिली आहे. ज्यांना पुढे हेच काम चालू ठेवायचंय त्यांना त्याच पायरीवर जाऊन उभं राहता यावं, एवढाच त्यामागचा हेतू.

शेवटचा विभाग धायरीचा आहे. जुन्या पुण्याच्या पुस्तकात धायरी कशाला, असं हस्तलिखित वाचणाऱ्या स्नेह्यांनी विचारलं. उत्तर फोटोंतच आहे. गच्चीवरून दिसणारा सिंहगड आणि त्याच्यावरचा मनोरा पहिल्या फोटोत मोकळा आहे, पायथ्याकडे शेतं आहेत. पुढच्यांत इमारती एकेक करून वर येतात आणि गडाची डावी बाजू झाकतात. धायरी फाट्याची वर्दळ वाढत जाते, सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचे खांब उभे राहतात. गावातल्या जुन्या घरांचे दगडी जोते, मातीच्या भिंती, त्याही एकेक करून जातात. पेठेत जे दोनशे वर्षांत झालं, ते इथे एका पिढीत. वारसा म्हणून ज्या गोष्टीची यादी होते, ती आधी कुणाचं तरी साधं घर असते. धायरीतल्या या घरांची यादी कुणी केलेली नाही. निदान फोटो आहेत.

वाचकांना एक मागणं आहे. घरात जुने फोटो असतील, वाड्यातल्या मुंजीचे, चौकातल्या मंगळागौरीचे, ओसरीवर बसलेल्या आजीचे, तर ते बाहेर काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवा आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, कोणत्या साली. ज्यांना हे सांगता येतं ती माणसं आज आहेत, तोवरच हे होईल. मग आपल्या इमारतीच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे उभे राहा, एक फोटो काढा, तारीख टाका, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तिथूनच दुसरा. इमारत नवी आहे म्हणून टाळू नका. पेठेतले वाडेही कधीकाळी नवेच होते.